नाती सांभाळणारीच आजारी पडते तेव्हा : अंडाशयाच्या कर्करोगाने आजारी पत्नी, शुश्रूषा करणारे पती आणि त्यांच्याभोवतीची माणसं

डे-केअरच्या सिस्टरांनी आमच्या समाजसेवा विभागाकडे चिठ्ठी पाठवली तेव्हा तीत एकच काम लिहिलं होतं : रुग्णाच्या पतीला तापाबद्दलच्या सूचना पुन्हा एकदा नीट समजावून सांगा. केमोच्या दुसऱ्या डोसनंतर दहाव्या दिवशी, रात्री दोनच्या सुमारास रुग्णाला १०१ ताप भरला होता आणि पती त्यांना घेऊन रुग्णालयात पोहोचले ते सकाळी साडेनऊला. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियसपर्यंत गेला तरी ती तातडीची स्थिती मानतात आणि रुग्ण दारात आल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं अशी अपेक्षा असते. इथे साडेसात तास घरातच गेले होते. त्या बऱ्या झाल्या, पण पाच दिवस वॉर्डात काढून.

ओळख पटू नये म्हणून या कुटुंबाचे तपशील बदलले आहेत आणि काही गोष्टी तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या घरांतून घेतल्या आहेत. दोघांना मी इथे काका आणि काकू म्हणतो, विभागातही आम्ही तेच म्हणायचो. काकू ५६ वर्षांच्या. पोट फुगतंय, भूक लागत नाही, थोडं खाल्लं तरी पोट भरतं, अशा तक्रारी काही महिने अपचनावर ढकलल्या गेल्या. निदान झालं तेव्हा आजार तिसऱ्या टप्प्यात होता आणि पोटात पाणी साठलेलं होतं. ठरलेले उपचार असे : कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं दर तीन आठवड्यांनी, तीन डोस झाल्यावर मोठी शस्त्रक्रिया, मग आणखी तीन डोस. काका ५९ वर्षांचे, नोकरीत. एक मुलगा, तो दुसऱ्या देशात. घरात दोघंच.

सूचना पाठ होत्या

काकांना मी तापाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी आकड्यासकट सगळं म्हणून दाखवलं. सूचनांचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता, थर्मामीटर उशाशी होता. मग थांबलात का? ते म्हणाले, “रात्री दोनला कुणाला उठवणार?” रात्रीचं त्यांना नीट दिसत नाही, म्हणून गाडी चालवत नाहीत. तीन रात्री सलग झोप नव्हती, काकूंना धरून जिना उतरताना आपलाच तोल जाईल अशी धास्ती होती. रुग्णवाहिका बोलावली असती तर सगळी इमारत जागी झाली असती आणि मग विचारपूस सुरू झाली असती. त्यांनी घरातली तापाची गोळी दिली, ताप थोडा उतरला, त्यांना हायसं वाटलं आणि ते उजाडायची वाट पाहत बसून राहिले.

म्हणजे माहितीची कमतरता नव्हतीच. रात्री दोनला हाक मारता येईल असा एक माणूस नव्हता, आणि त्या जागी आम्ही त्यांना तोच कागद पुन्हा वाचून दाखवणार होतो. सामाजिक आधाराचे जे चार प्रकार समाजशास्त्रज्ञ जेम्स हाउस यांनी १९८१ मध्ये मांडले (भावनिक आधार, प्रत्यक्ष मदत, माहिती, आणि आपण करतोय ते बरोबर आहे हे कुणीतरी सांगणं) त्यांचा रोजच्या कामात खरा उपयोग इथे होतो. एका प्रकाराची उणीव दुसऱ्या प्रकाराने भरून निघत नाही. तरी आरोग्यसेवेत माहिती देणं सर्वांत सोपं असतं, म्हणून आपण तीच देत राहतो. हे मला फार खटकतं. दमलेल्या माणसाला आणखी एक पत्रक दिलं की आपलं काम झालं असं आपल्याला वाटतं, त्याचं मात्र एक काम वाढतं.

पहिल्या भेटीत शुश्रूषेचं ओझं मोजणारी झॅरिट यांची प्रश्नावली काकांकडून भरून घेतली. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी ती १९८० मध्ये तयार झाली. आज जास्त वापरात असलेल्या रूपात २२ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ८८. काकांचे गुण आले १४. कागदावर पाहायचं तर या माणसाला काहीच ओझं नव्हतं. ‘कधीच नाही’ यावर भराभर खुणा करत ते खाली आले आणि शेवटच्या प्रश्नाशी, एकूण किती भार वाटतो याच्याशी, बराच वेळ थांबले. तिथेही खूण ‘थोडा’ वर केली. पण शर्टाची कॉलर सैल झालेली, रक्तदाब १६० वर. स्वतःची रक्तदाबाची गोळी कधीपासून घेतली नाही हेही त्यांना आठवत नव्हतं. नुसत्या गुणांवर विसंबलो असतो तर फाइल तिथेच बंद झाली असती.

दोन नकाशे

ॲन हार्टमन यांनी १९७८ मध्ये मांडलेली एक साधी पद्धत आम्ही वापरतो. कागदाच्या मधोमध घर, भोवती माणसं आणि संस्था, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा : घट्ट नात्याला जाड, तुटत आलेल्याला तुटक, ताणाच्या नात्याला नागमोडी. काकांनी काढलेल्या कागदावर तीन रेषा होत्या. मुलगा, ऑफिस आणि आमचं रुग्णालय. भावाचं नाव त्यांनी लिहिलं आणि रेषा न काढता सोडून दिलं. मित्र? “आहेत तसे, पण घरचं बोलत नाही आम्ही.” शेजारी? “ते हिला माहीत.”

‘हिला माहीत’ हे उत्तर त्या तासाभरात वारंवार आलं. कुणाचा फोन नंबर, कुणाच्या घरी कोण आजारी, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं हिला माहीत. काकांची माणसांशी असलेली जवळजवळ सगळी नाती काकूंच्या मार्फतच टिकून होती. आणि आजारी पडल्या होत्या त्या काकूच. शुश्रूषा करणारा पुरुष असला की हे आम्हाला पुष्कळदा दिसतं. पत्नी हीच त्याची मनातलं बोलायची एकमेव जागा असते आणि बाहेरच्या जगाशी नातं राखणारीही तीच. तिच्या आजारात त्याला आधार लागतो आणि त्याच वेळी त्या आधाराकडे जायची वाटही बंद होते. भोवतीच्यांना मात्र वाटतं, एवढा गोतावळा आहे, बघत असतील कुणी ना कुणी.

दुसरा नकाशा काकूंकडून काढून घ्यायचा हे तिथेच ठरलं. रुग्णाला यात ओढू नये, तिला आधीच त्रास आहे, असा आक्षेप विभागातल्या चर्चेत निघाला. मला तो पटला नाही. सहा आठवडे सगळे काकूंसाठी काही ना काही करत होते, त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. तिसऱ्या डोसच्या दिवशी सलाइन चालू असताना मी कागद घेऊन त्यांच्याजवळ बसलो. तासाभरात कागद भरला आणि मागची बाजूही वापरावी लागली.

त्यांनी नुसती नावं सांगितली नाहीत, माणसं पारखून दिली. खालच्या मजल्यावरच्यांकडे गाडी आहे आणि मुलगा रात्री उशिरापर्यंत जागा असतो, त्याला कधीही हाक मारा. माझी बहीण प्रेमळ आहे, पण मला पाहिलं की रडते, तिला बाहेरची कामं द्या. यांच्या ऑफिसात एक जण आहेत, पंधरा वर्षं एकत्र डबा खातात, ते काही विचारायचे नाहीत, नुसते सोबत बसतील, यांना तेच हवंय. आणि मग जरा थांबून, “सगळ्यांना धरून ठेवायचं तर माझी जाऊ. आमचं पटत नाही. पण ती वेळेची पक्की आहे आणि तिला कुणी नाही म्हणत नाही.”

इतकी माणसं असताना घर एकाकी का पडलं, याचं उत्तरही त्यांनीच दिलं. केस गेल्यापासून कुणी समोर येऊ नये असं त्यांना वाटत होतं. नातेवाइकांना ‘पोटाचं छोटं ऑपरेशन आहे’ एवढंच सांगितलं होतं. काकांनी ती इच्छा पाळली, दार लावून घेतलं, फोनवर ‘बरं आहे, विश्रांती चालू आहे’ म्हणत राहिले. एकटेपणाचा मोठा भाग असा त्यांनी पत्नीच्या मानापोटी स्वतःवर घेतला होता, आणि हे दोघं एकमेकांशी कधी बोललेच नव्हते. काकूंना वाटायचं, यांना माणसं नकोच असतात. काकांना वाटायचं, हिला कळलं की मला झेपत नाहीये तर ही खचेल.

आजाराचं नाव लपवणं हा प्रत्येक घराचा स्वतःचा निर्णय असतो आणि तो आम्ही कधी मोडत नाही. पण त्याची किंमत कोण भरतं, ते दोघांसमोर मांडावं लागतं. ज्यांना आजारच ठाऊक नाही ते त्या आजारापुरती मदत करू शकत नाहीत. काकूंनी शेवटी मधला मार्ग काढला : सहा माणसांना खरं सांगायचं, बाकीच्यांना नाही. आणि मदत दारापर्यंत यावी, त्यांच्या खोलीत नको.

कामं वाटली, पण तशीच्या तशी नाही

शस्त्रक्रियेच्या आधी विभागात बैठक झाली. काका, जाऊबाई, काकूंची बहीण, ऑफिसातले मित्र, आणि फोनवर मुलगा. बैठकीचा नियम एकच ठेवला होता : ‘काही लागलं तर सांगा’ असं कुणी म्हणायचं नाही. बोलणारा मनापासून बोलत असतो यात शंका नाही. पण त्यानंतर काय लागतंय ते शोधणं, कुणाला सांगावं ते ठरवणं, मागायचा संकोच गिळणं आणि नकार आला तर सोसणं, हे सगळं दमलेल्या माणसाकडेच राहतं. म्हणून काकांनी दिवसभरात जे जे करतात ते मोठ्याने सांगायचं आणि मी फळ्यावर लिहायचं असं ठरलं. फळा भरत गेला तशा जाऊबाई गप्प होत गेल्या. काकूंची बहीण म्हणाली, “हे सगळं भाऊजी एकटे करतात?”

त्यातलं काय देता येईल हे काकांनी ठरवलं. काकूंना आंघोळ घालणं, रात्री जवळ असणं, डॉक्टरांशी बोलणं त्यांनी स्वतःकडे ठेवलं, कुणी आग्रह केला नाही. बाकीचं गेलं. डोसच्या आधीच्या रक्ततपासणीला कोण सोबत जाणार, औषधं कोण आणणार, दर गुरुवारी संध्याकाळी दोन तास घरात कोण बसणार, सगळं नाव आणि वेळ घालून. फोनवरच्या गटात यादी टाकायची आणि आठवण करायची ती जाऊबाईंनी. काका त्या गटात होते, पण त्यांनी काही मागायचं नव्हतं. माझ्या मते या प्रकरणात सर्वांत जास्त फरक याच एका गोष्टीने पडला. मदत गोळा करणं हेही काम आहे, आणि ते शुश्रूषा करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं तर उरलेल्या मदतीचा निम्मा फायदा तिथेच जातो.

मुलाचा प्रश्न नाजूक होता. तो रोज रात्री फोन करून नवीन वाचलेलं सांगायचा. अमुक तपासणी केली का, तमुक औषध विचारलं का. काकांना ती झाडाझडती वाटायची, मुलाला मात्र दुरून करता येण्यासारखं तेवढंच दिसत होतं. बैठकीत हे निघालं तेव्हा तो दुखावला आणि आठवडाभर त्याने फोनच कमी केले. मग त्याच्याकडे विम्याची सगळी कागदपत्रं, रिपोर्टांची तारखेवार फाइल आणि भेटीच्या वेळा ठरवणं दिलं. तिथून बसून होण्यासारखी कामं होती आणि त्याने ती चोख केली. रात्रीच्या फोनवर तो आता आईशी बोलू लागला.

सगळंच जमलं असं नाही. शस्त्रक्रियेनंतर काकांची धाकटी बहीण आठवडाभर राहायला आली. तिने औषधांचा डबा स्वतःच्या पद्धतीने लावला, ऐकीव उपचारांचे पत्ते आणले आणि काकांना पाहुणचाराचं आणखी एक काम लागलं. मदतीचीही किंमत असते, आणि ती जास्त झाली तर मदत थांबवायला परवानगी असावी. चौथ्या दिवशी जाऊबाईंनी ते गोडीने मिटवलं.

काळजीवाहकांच्या आमच्या गटात काका एकदाच आले. बाहेर पडताना म्हणाले की दुसऱ्यांचं ऐकून छातीवर दडपण आलं. पुन्हा बोलावलं नाही. त्याऐवजी दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेलेल्या एका गृहस्थांशी, दोघांच्या संमतीने, गाठ घालून दिली. ते आठवड्यातून एकदा फोनवर बोलायचे, पंधरावीस मिनिटं. लॉरेल नॉर्थहाउस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कर्करोगग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठीच्या २९ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात माहिती, कौशल्यं आणि समुपदेशन यांनी ओझं कमी होतं, जमवून घेण्याची ताकद वाढते असं दिसलं, पण परिणाम लहान ते मध्यम होते. चमत्काराची अपेक्षा धरू नये आणि एकच साचा सगळ्यांना लावू नये, असा अर्थ मी त्यातून घेतो.

ऑफिसातल्या मित्रांबद्दल काकूंचा अंदाज खरा ठरला. गुरुवारी ते काकांना फिरायला न्यायचे आणि आजाराचं नाव काढायचे नाहीत. येताना काकांची गोळी संपत आली का हे दुकानात सहज विचारून घ्यायचे. नायल बोल्गर आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात असं आढळलं होतं की घेणाऱ्याच्या फारसा लक्षात न येणारा आधार जास्त लाभतो. दिसून येणाऱ्या आधारासोबत आपण कमी पडतोय ही जाणीवही येऊ शकते. ‘कुणाचं ऋण नको’ म्हणणाऱ्या काकांच्या बाबतीत हे फार खरं होतं.

हाउस यांच्या यादीतला चौथा प्रकार आम्ही बैठकीत ठरवला नव्हता, तो वॉर्डात घडला. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून चार आठवडे रोज त्वचेखाली इंजेक्शन द्यायचं होतं. काकांचा हात थरथरत होता. तिसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, “काका, हात हलका आहे तुमचा, आमच्या नव्या मुलींपेक्षा बरा.” हे वाक्य त्यांनी मला दोनदा सांगितलं. चार महिन्यांत ते करत असलेलं काही नीट होतंय असं त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं.

नंतर

पाचव्या डोसनंतर नवव्या रात्री पुन्हा ताप आला. काकांनी खालच्या मजल्यावर फोन केला आणि ताप मोजल्यापासून सव्वा तासात काकू रुग्णालयात होत्या. दोन दिवसांत घरी गेल्या.

सहावा डोस संपल्यावर तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली. गुण आले ३९. विभागात क्षणभर सगळे चक्रावले, सगळी माणसं उभी केली आणि ओझं वाढलं? काकांना विचारलं तर ते म्हणाले, “तेव्हा खरं कुठे लिहिलं होतं?” पहिला कागद भरताना भार मान्य करून काही उपयोग होईल असं त्यांना वाटलंच नव्हतं. आधार मिळाल्यावर माणूस भार बोलून दाखवू शकतो, हे ध्यानात न घेता नुसता आकडा चढला म्हणून योजना फसली असं ठरवणं चूक झालं असतं. वजन परत आलं होतं, रक्तदाब गोळीने आटोक्यात होता. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण शुश्रूषा करणाऱ्याच्या शरीरावर काय गुदरतं हा केवळ सहानुभूतीचा विषय नाही. शुल्झ आणि बीच यांनी १९९९ मध्ये वृद्ध जोडप्यांवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला होता. तो अभ्यास फक्त कर्करोगाचा नव्हता आणि काका त्या वयाचेही नाहीत, पण त्यांचा रक्तदाब फाइलमध्ये लिहून ठेवायला ते कारण पुरेसं आहे.

आमच्या योजनेत एक कच्चा दुवा उपचार संपल्यावर उघड झाला. लोकांना वाटलं, संपलं एकदाचं. यादी बंद झाली, गुरुवारची संध्याकाळ थांबली. पण घरात दर तीन महिन्यांची तपासणी होती, तिच्या आधीचे आठ दिवस झोप नव्हती, काकूंच्या तळपायांना केमोमुळे आलेला बधिरपणा गेला नव्हता. हा काळ बाहेरून मोकळा दिसतो आणि आतून फार अवघड असतो. त्यासाठी आम्ही काहीच आखलं नव्हतं. आता अशा प्रत्येक घरासाठी शेवटच्या डोसनंतरच्या वर्षाचीही यादी आधीच करतो.

चौदा महिन्यांनी आजार परतला. शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांहून बराच जास्त काळ गेला होता, म्हणून कार्बोप्लॅटिन पुन्हा वापरता आलं. या वेळी उपशामक सेवेची, म्हणजे आजाराचा त्रास कमी करून रुग्णाला आणि घरच्यांना आधार देणाऱ्या सेवेची, डॉक्टर पहिल्या आठवड्यापासून सोबत आहे. कुटुंबीयांना हा आधार लवकर मिळाला तर त्यांच्यातलं नैराश्य कमी राहतं, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसलं आहे, आणि हे दोघांनाही तिने स्वतः समजावून सांगितलं. काकूंनी या वेळी सहाची यादी वाढवली. कोणाला सांगायचं नाही, एवढंच त्या आता ठरवतात.

जाऊबाई मध्यंतरी एकट्याच येऊन गेल्या. म्हणाल्या, करायचं आहे, पण मीही दमले आहे. त्यांचं हे येऊन सांगणं मला मोलाचं वाटलं. आता यादी दोन महिने त्या बघतात, दोन महिने काकूंची बहीण बघते. ती अजूनही रडते, पण फोनवर रडत नाही. काकांच्या नावाची वेगळी फाइल विभागात उघडली आहे, कारण रुग्णाच्या फाइलमध्ये त्यांच्यासाठी जागाच नव्हती. पुढची बैठक तिसऱ्या डोसनंतर आहे. खालच्या मजल्यावरचं कुटुंब घर बदलतंय, तेव्हा रात्री हाक मारता येईल असं दुसरं घर त्याआधी ठरवायचं आहे. दोन नावं काकूंनी सुचवली आहेत, पहिल्या घरी काका या आठवड्यात स्वतः जाऊन विचारणार आहेत.